मनाला पेलेल एवढंच आकाश



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं आहे, त्यांनी उमेदीची वर्षं कामगारांच्या पाळ्या, विश्रांती आणि सुरक्षितता यांसाठी भांडण्यात घालवली. कुठे अपघात झाल्याचं कळलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, तो माणूस किती तास कामावर होता आणि त्या वेळी त्याच्या जोडीला कोण होतं? आज मी ज्या कामाविषयी बोलणार आहे तिथे भट्टी नाही, पट्टा नाही, घामही नाही. मंद उजेडाच्या थंड खोलीत कानाला हेडसेट लावून पडद्यासमोर बसलेली माणसं आहेत. तरीही तो प्रश्न इथे जसाच्या तसा लागू पडतो.

हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे विमानतळावरच्या बोलण्यातला कंट्रोलर, विचार कसा करतो आणि त्या विचारावर येणारा भार कसा सांभाळतो, हा माझा विषय. मी मानसशास्त्राचा शिक्षक. आमच्या शास्त्राचं या पेशाशी जुनं नातं आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला टॉवरमधल्या एकाच लाउडस्पीकरमधून अनेक वैमानिकांचे आवाज एकदम यायचे. त्यातला नेमका एक आवाज माणूस कसा वेचून ऐकतो, या अडचणीतून अवधानावरचं पुष्कळसं आधुनिक संशोधन उभं राहिलं. कॉलिन चेरी यांचे १९५३ चे प्रयोग आणि डोनाल्ड ब्रॉडबेंट यांचं १९५८ चं पुस्तक आजही आमच्या वर्गात शिकवलं जातं.

आपल्याकडे असा समज आहे की कंट्रोलर म्हणजे जन्मजात अष्टावधानी माणूस, वीस विमानं एकाच वेळी डोक्यात फिरवणारा. मला आज याच्या बरोबर उलट मांडायचं आहे. उत्तम कंट्रोलर तो, जो डोक्यावर काय घ्यायचं नाही हे वेळेआधी ठरवतो. आणि सुरक्षित व्यवस्था ती, जी त्याला तसं ठरवू देते.

वीस सेकंदांचं अंतर

आधी काम काय आहे ते पाहू. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. या एका धावपट्टीवरून २०१८ मध्ये २४ तासांत १००० हून अधिक विमानांची ये-जा झाली. म्हणजे दिवसरात्र, सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एक विमान उतरतं किंवा उडतं. उतरणाऱ्या दोन विमानांच्या मधल्या फटीत टॉवरवरचा कंट्रोलर एक उडणारं विमान बसवतो. फट लहान राहिली तर उतरणाऱ्याला पुन्हा वर जावं लागतं, मोठी राहिली तर मागची रांग लांबते.

टॉवरच्या कक्षेबाहेर अप्रोचचा कंट्रोलर असतो, त्याच्याही पलीकडे एरियाचा. आकाशाचे सेक्टर पाडलेले असतात आणि प्रत्येक सेक्टरची जबाबदारी ठरलेल्या माणसांवर असते. नियम सांगायला सोपा आहे. दोन विमानांमध्ये उंचीचं १००० फूट अंतर हवं. ते नसेल तर आडवं अंतर हवं, रडारच्या टापूत साधारण पाच सागरी मैल, विमानतळाजवळ तीन. मुंबईच्या अखत्यारीत अरबी समुद्रावरचाही मोठा पट्टा येतो. तिथे किनाऱ्यावरचं रडार पोचत नाही. विमानांनी कळवलेल्या जागा आणि वेळा यांवरून हिशेब मांडावा लागतो.

हे पाच मैल किती? समोरासमोर येणारी दोन जेट विमानं प्रत्येकी ताशी ४५० सागरी मैलांनी येत असतील, तर ती मिनिटाला १५ मैलांनी जवळ येतात. पाच मैल संपायला २० सेकंद लागतात. तेवढ्यात चूक ओळखायची, सूचना द्यायची, वैमानिकाने ती ऐकून परत म्हणून दाखवायची आणि विमान हलायचं. हा वेळ पुरेसा नाही. म्हणून कंट्रोलर पडद्यावरच्या ‘आत्ता’मध्ये राहूच शकत नाही. त्याचं मन काही मिनिटं पुढे असतं. पडद्यावरचा ठिपका ही त्याच्या दृष्टीने जुनी बातमी असते.

पिक्चर

कंट्रोलर मंडळी म्हणतात, ‘पिक्चर आलं’, ‘पिक्चर गेलं’. पडद्यावर दिसतं ते वेगळं आणि हे पिक्चर वेगळं. पिक्चर त्यांच्या डोक्यात असतं. मिका एंड्सली यांनी १९९५ मध्ये त्याचे तीन थर मांडले. काय काय आहे ते टिपणं हा पहिला, त्याचा एकमेकांशी अर्थ लावणं हा दुसरा, आणि थोड्या वेळाने काय होईल ते आधी पाहणं हा तिसरा. नवशिका पहिल्या थरावर दमतो. मुरलेला माणूस तिसऱ्या थरावर जगतो.

एक हिशेब करून पाहा. सेक्टरमध्ये १५ विमानं असतील तर त्यांच्या जोड्या १०५ होतात. संगणक या १०५ जोड्या दर काही सेकंदांनी तपासू शकतो. माणूस शकत नाही, आणि कंट्रोलर तसा प्रयत्नही करत नाही. ही दोन विमानं पाच हजार फुटांनी वरखाली आहेत, सोडून द्या. ही दोन एकमेकांपासून लांब चालली आहेत, सोडून द्या. असं करत शंभराहून अधिक जोड्या एका नजरेत गळतात आणि दोन-तीन उरतात. त्याचं सगळं कसब त्या दोन-तीनांसाठी राखलेलं असतं. १५ विमानं सांभाळणारा माणूस खरं तर तीन प्रश्न सांभाळत असतो.

त्या तीन प्रश्नांची उत्तरंही तो एका खास रीतीने निवडतो. दोन विमानांच्या वाटा छेदणार असतील तर त्यांना बारीक वळण देऊन अगदी काटेकोर अंतराने पार करता येतं. इंधन वाचतं, वेळ वाचतो. पण ती पार होईपर्यंत नजर तिथे अडकून राहते. त्याऐवजी एकाला दोन हजार फूट खाली ठेवलं की ती जोडी डोक्यातून गेली. गर्दी वाढत असते तेव्हा अनुभवी माणूस हा दुसरा मार्ग घेतो. ज्या उत्तरावर पुन्हा लक्ष ठेवावं लागत नाही, ते त्याच्या दृष्टीने चांगलं उत्तर.

हेच तत्त्व आकाशाच्या आखणीलाही लागू पडतं. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ यांची टक्कर झाली. ३४९ माणसं गेली. हवेतल्या टकरीत एवढी जीवितहानी जगात दुसरीकडे कुठेही झालेली नाही. दिल्लीहून निघालेल्या विमानाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, येणाऱ्याला १५,००० वर. येणारं विमान ठरलेल्या उंचीच्या खाली उतरलं. त्या काळी दिल्लीच्या आसपासचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं आणि जाणारी-येणारी नागरी विमानं एकाच पट्ट्यातून जायची. कंट्रोलरच्या रडारवर विमानाची जागा दिसायची, उंची दिसत नव्हती. उंचीसाठी वैमानिकाच्या शब्दावर विसंबावं लागायचं. पिक्चरचा एक अख्खा कोपरा त्याने कल्पनेने भरायचा होता.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांनी या अपघाताची चौकशी केली. त्यानंतर येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, विमानांत टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. मार्ग वेगळे झाल्याने काय साधलं? कितीतरी जोड्या कुणी विचार न करताच नाहीशा झाल्या. कंट्रोलरला ‘अधिक सावध राहा’ असं सांगण्यापेक्षा हे फार मोलाचं होतं.

रीत बदलण्याची वेळ

आता माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा शोध. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ जाँ-क्लोद स्पेरांदिओ यांनी पॅरिसच्या ओर्ली विमानतळाच्या अप्रोच कंट्रोलरांचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर सरळ समजूत अशी होती की विमानं वाढली की भार त्याच प्रमाणात वाढतो. स्पेरांदिओंना दिसलं की विमानं वाढली की माणूस काम करण्याची रीतच बदलतो. विमानं थोडी असताना कंट्रोलर प्रत्येकाचा वेगळा विचार करतो. हे कुठल्या जातीचं विमान आहे, त्याचा वेग किती, त्याला जवळची वाट देता येईल का, असं सगळं पाहतो. गर्दी वाढली की तो यातल्या थोड्याच गोष्टी पाहू लागतो आणि सगळ्यांना ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेगाने आणतो. आणखी वाढली की विमानांना होल्डिंगमध्ये घिरट्या घालायला लावतो आणि एकेक करून खाली काढतो.

घरी दोन पाहुणे जेवायला असले की आपण प्रत्येकाला विचारून, हवं-नको पाहून वाढतो. पंगत बसली की मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळ्यांच्या पानावर त्याच क्रमाने वाढायचं असतं. वाढपी एकेकाची आवड विचारत बसला तर शेवटच्या पानापर्यंत भात पोचणार नाही. पंगतीत त्याने रीत बदलली म्हणून आपण त्याला आळशी म्हणत नाही.

स्पेरांदिओंच्या अभ्यासाने दोन गोष्टी शिकवल्या. पहिली अशी की भार कमी करताना कशाचा त्याग करायचा याचा क्रम असतो. आधी सोय सोडायची, मग वेळ, मग इंधन. सुरक्षित अंतराला हात लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे. रीत बदलायलाही मनात जागा लागते. भार काठोकाठ आल्यावर ती बदलता येत नाही, कारण नवी रीत लावण्याइतकी उसंत उरलेली नसते. म्हणून अनुभवी कंट्रोलर गर्दी येण्याआधी, अजून निवांत असताना, विमानं रांगेला लावायला घेतो, जोडीदाराला बोलावून घेतो, सेक्टर दोघांत विभागून मागतो, शेजारच्या सेक्टरला ‘मला पुढची दहा मिनिटं नवं विमान देऊ नका’ असं सांगतो. बाहेरच्याला वाटतं, हा घाबरला. खरं तर तो त्या क्षणी आपलं काम सर्वांत चांगलं करत असतो.

हे एका माणसाला जसं लागू, तसं संस्थेलाही. गर्दीच्या वेळात मुंबईला तासाला ४६ विमानांची ये-जा मंजूर होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ४४ वर आणली गेली, कारण विमानं फार वेळ हवेत घिरट्या घालत होती. धावपट्टी तेवढीच होती, यंत्रं तीच होती. तरी आकडा खाली आणला. विमान कंपन्यांना ते रुचलं नसेल, प्रवाशांनाही नसेल. पण स्पेरांदिओंनी ओर्लीच्या खोलीत जे एका माणसाकडून होताना पाहिलं, तेच इथे धोरण म्हणून झालं.

डोक्याबाहेर ठेवलेली आठवण

पिक्चर आणि रीत यांच्यानंतर स्मरणाची मर्यादा ही तिसरी बाजू. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये दाखवलं की माणूस एका वेळी साधारण सातच गोष्टी मनात धरू शकतो. कंट्रोलरने यावर फार पूर्वीच उपाय काढला होता, कागदाची स्ट्रिप. प्रत्येक विमानाची एक अरुंद पट्टी, तिच्यावर विमानाचं नाव, मार्ग, उंची, वेळ. सूचना दिली की पट्टीवर लिहायची. पट्टीचा क्रम म्हणजे विमानांचा क्रम. ज्या विमानाचं काही बाकी आहे ती पट्टी जरा तिरकी सरकवून ठेवायची, म्हणजे शेजारी बसलेल्यालाही न बोलता कळतं. वेंडी मॅके यांनी फ्रान्समधल्या कंट्रोलरांबरोबर काम करून १९९९ मध्ये हेच दाखवलं, की हा साधा कागद म्हणजे हाताने हलवता येणारी, दोघांना एकदम दिसणारी आठवण आहे आणि तो काढून पडदा बसवताना ही आठवण हरवता कामा नये. आज पुष्कळ ठिकाणी पट्ट्या पडद्यावर आल्या आहेत. त्या चांगल्या की वाईट हे या एका कसोटीवर ठरवावं.

आठवण बाहेर ठेवली नाही तर काय होतं, ते १ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसला दिसलं. टॉवरवरच्या कंट्रोलरने एका लहान विमानाला धावपट्टीवर मध्येच येऊन थांबायला सांगितलं. तेवढ्यात दुसरं एक विमान या कंट्रोलर बाईंच्या फ्रिक्वेन्सीवरून नाहीसं झालं आणि त्याच्याशी पुन्हा बोलणं होईपर्यंत तिचं लक्ष तिकडे गुंतलं. धावपट्टीवरच्या विमानाच्याच जातीच्या आणखी एका विमानाची पट्टी जागेवर नव्हती, तीही शोधावी लागली. या गडबडीत धावपट्टीवर थांबलेलं विमान मनातून निसटलं आणि तिने येणाऱ्या बोइंग ७३७ ला उतरण्याची परवानगी दिली. ३५ जण मरण पावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य कारण म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं नाही. एका माणसाची चूक दुसऱ्याच्या लक्षात यावी अशी कामाची पद्धतच तिथल्या व्यवस्थापनाने बसवली नव्हती, असं मंडळाने म्हटलं. विसरणं हा मनाचा धर्म आहे. तो गृहीत धरूनच काम आखायला हवं, एवढं त्या निष्कर्षातून घ्यायचं.

शांत रात्र

भार म्हटलं की आपल्याला गर्दीच आठवते. पण कमी कामाचाही भार असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवर तासन्‌तास पाणबुड्या शोधणाऱ्यांचं काय होतं हे नॉर्मन मॅकवर्थ यांनी तपासलं. १९४८ मध्ये त्यांनी दाखवलं की क्वचित येणाऱ्या खुणेची वाट पाहताना माणसाचं लक्ष पहिल्या अर्ध्या तासातच ढळू लागतं. कंट्रोलरांच्या अनुभवातही हेच आहे. मोठी लाट ओसरल्यावर, जीव सुटला असं वाटतं तेव्हाच हात सैल पडतो. पाळी बदलून नवा माणूस खुर्चीत बसतो त्यानंतरची पहिली काही मिनिटंही नाजूक असतात, कारण पट्ट्या हातात आल्या तरी पिक्चर अजून आलेलं नसतं. म्हणून चांगल्या ठिकाणी जाणारा माणूस लगेच उठत नाही, थोडा वेळ मागे उभा राहतो.

१ जुलै २००२ ची रात्र या सगळ्याचा सारांश आहे. दक्षिण जर्मनीत यूबरलिंगेन या गावावरचं आकाश स्वित्झर्लंडच्या झुरिक केंद्राकडे होतं. रात्रीच्या पाळीला दोन कंट्रोलर होते. वाहतूक तुरळक, म्हणून एकाने विश्रांतीला जायचं हा तिथला वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या रात्री यंत्रणेची दुरुस्ती चालू होती. धोक्याची खूण पडद्यावर दिसत नव्हती. मुख्य टेलिफोन बंद होता आणि पर्यायी लाइनमध्ये बिघाड होता. अशात उशिरा आलेलं एक एअरबस फ्रीड्रिशहाफेनला उतरवायचं होतं. त्यासाठी दुसऱ्या पडद्यापुढे बसायचं, दुसरी फ्रिक्वेन्सी सांभाळायची आणि त्या विमानतळाला फोन लावत राहायचं. फोन लागत नव्हता.

तेवढ्या वेळात रशियाचं तुपोलेव्ह १५४ आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७ एकाच उंचीवर, ३६,००० फुटांवर, एकमेकांकडे येत होते. शेजारच्या कार्ल्सरूहे केंद्रातल्या लोकांना ते दिसलं. त्यांनी झुरिकला फोन लावला, तोही लागला नाही. टक्कर ४३ सेकंदांवर आली असताना झुरिकच्या कंट्रोलरला धोका दिसला आणि त्याने तुपोलेव्हला खाली जायला सांगितलं. त्याच सुमारास विमानांतल्या टक्करविरोधी यंत्राने तुपोलेव्हला वर आणि बोइंगला खाली जायला सांगितलं. यंत्र काय म्हणतं हे कंट्रोलरला कळण्याची सोय नव्हती. तुपोलेव्हच्या वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. ७१ जण गेले. त्यांत बहुसंख्य उफा शहरातून सहलीला निघालेली मुलं होती.

चौकशी अहवालाने वैमानिकांनी यंत्राचा सल्ला मानला नाही हे नोंदवलं, कंट्रोलरला धोका वेळेत दिसला नाही हेही नोंदवलं, आणि एका माणसावर रात्र सोडण्याची पद्धत व्यवस्थापनाने खपवून घेतली हेही ठामपणे लिहिलं. तो अहवाल मे २००४ मध्ये आला. त्याआधी फेब्रुवारीतच, आपली पत्नी आणि दोन मुलं त्या विमानात गमावलेल्या एका बापाने त्या कंट्रोलरला त्याच्या घरी जाऊन ठार केलं होतं. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने झुरिक केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना दोषी धरलं. त्यांत तीन व्यवस्थापक होते. त्या बापाच्या दुःखापुढे बोलायला शब्द नाहीत. पण एवढं म्हणायला हवं की राग जिथे जाऊन पडला तिथे दोषाचा फार थोडा वाटा होता.

आपण काय मागायचं

कुणी म्हणेल, मग यंत्र वाढवा, इशारे वाढवा. यंत्रं हवीतच. चरखी दादरीनंतर त्यांनी कितीतरी जीव वाचवले असतील. पण २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर आलं तेव्हा पडद्यावर इशारा उमटला होता. कंट्रोलरच्या तो लक्षात आला नाही. त्या विमानातले पाच जण गेले. त्याला धडकलेल्या मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण वाचले. जपानने चार दिवसांत काय केलं, तर फक्त तो पडदा पाहण्यासाठी वेगळा माणूस बसवला. इशारा पाहायलाही मोकळं मन लागतं.

ब्रिटनमध्ये नियम आहे की सलग दोन तासांहून अधिक काळ कंट्रोलरने खुर्चीत बसायचं नाही, त्यात किंवा त्यानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवीच. ही मेहेरबानी नाही. धावपट्टीवरचे दिवे जसे सुरक्षेचा भाग, तशीच ही विश्रांती सुरक्षेचा भाग आहे. झालेली चूक स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, ही हमीही तितकीच आवश्यक. शिक्षेच्या भीतीने लपवलेली चूक पुढच्या पाळीतल्या माणसाची वाट पाहत बसते.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. एकाच महानगरावरच्या आकाशात आता दोन विमानतळांची ये-जा चालते. अशा विमानतळाच्या उद्घाटनाला धावपट्टीची लांबी आणि टर्मिनलची क्षमता वर्तमानपत्रांत छापून येते. यापुढे आपण नागरिकांनी आणखी काही आकडे मागावेत. या आकाशाचे सेक्टर किती केले? प्रत्येक पाळीत किती माणसं हवीत आणि किती आहेत? रात्री दोननंतर एका सेक्टरवर किती जण असतात? सलग किती तास बसवलं जातं? लोकप्रतिनिधींनी हे सभागृहात विचारावं, पत्रकारांनी अपघाताची वाट न पाहता विचारावं.

आणि आपल्या वाट्याचंही एक देणं आहे. विमान वेळेवर सुटत नाही, उतरण्याआधी घिरट्या घालतं, तेव्हा त्यामागे अनेकदा हवामान असतं, अनेकदा नियोजनाचा ढिसाळपणाही असतो, आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण काही वेळा त्यामागे एका माणसाने, भार काठाला लागण्याआधी, ‘थांबा’ म्हटलेलं असतं. तो उशीर आपण आनंदाने सोसला पाहिजे. ‘थांबा’ म्हणणाऱ्याला ज्या व्यवस्थेत जाब द्यावा लागतो, तिथे हळूहळू कुणीच थांबा म्हणेनासं होतं. जिथे ते म्हणण्याचा अधिकार लेखी असतो आणि वरचा अधिकारी त्याच्यामागे उभा राहतो, तिथेच साधी, दमणारी, विसरणारी माणसं रोज हजारो जणांना सुखरूप उतरवू शकतात. हा अधिकार आपल्या प्रत्येक कंट्रोल रूममध्ये असावा, एवढीच माझी मागणी आहे.